उत्तरापुरती जागा

आमचे रेव्हरंड टिसडेल प्रवचन सांगत नाहीत, गातात. आधी साधं बोलणं, मग आवाज चढायला लागतो, ऑर्गन मागून धावत येतो, आणि प्रत्येक ओळीनंतर ते थांबतात. ती जागा आमची. "हो, पास्टर!" "सांगा, सांगा!" चाळीस वर्षं मी पहिल्या बाकावरून ओ देत आले आहे. जॉर्जियातल्या आमच्या या लहानशा चर्चमध्ये देवाच्या कृपेने कुणाची हाक कोरडी जात नाही.

पण त्यांचा एकुलता एक मुलगा कॉर्नेल अफगाणिस्तानातल्या लढाईत गेला, आणि त्यानंतर रेव्हरंड नुसतं कागदावरून वाचून दाखवू लागले. गाणं संपलं.

बापलेक आपापल्या काळात सैन्याच्या एकाच तुकडीतले. पायदळाबरोबर रेडिओ घेऊन चालायचं आणि शत्रू कुठे, आपली माणसं कुठे, ते वरच्या विमानांना सांगायचं, हे त्या तुकडीचं काम. पायलटने आकडे परत म्हणून दाखवायचे, खालच्याने 'बरोबर' म्हणायचं, मगच बॉम्ब. व्हिएतनाममध्ये तरणे रेव्हरंड चिखलात पडून हाका मारत होते, तेव्हा ढगांतून एका छोट्या विमानाने त्यांना ओ दिली. "त्याच दिवशी मी देवाचा झालो," असं ते गायचे. त्याच भरवशावर त्यांनी मुलालाही त्या तुकडीत घातलं.

लष्कराची माणसं पदक घेऊन आली, घडी घातलेला झेंडा घेऊन आली. रेव्हरंडनी एकच विचारलं, "माझ्या पोराला कुणी ओ दिली का?"

त्यांना सांगता येईना.

वसंतातल्या एका शनिवारी कॅप्टन हॅलोरन आली. त्या दिवशी वरच्या विमानात ती होती. चर्चच्या स्वयंपाकघरात मी तिच्यापुढे पीच घालून भाजलेला गोड कॉबलर ठेवला.

"आधी खा, बाळ. किती वाळलीस! हवाईदलात जेवायला घालत नाहीत का?"

"घालतात, मॅडम. पण असं नाही."

"मॅडम कसली! सिस्टर ओडेसा म्हण."

समोर बसलेल्या रेव्हरंडनी चमच्याला हात लावला नाही. "दिली का ओ?"

"दिली, सर. पहिल्या हाकेलाच. पण त्याला ऐकू गेली नाही. त्याचा रेडिओ बिघडला होता. त्याचं बोलणं आमच्यापर्यंत येत होतं, आमचं त्याच्यापर्यंत जात नव्हतं. ढग इतके खाली, की विमानही दिसलं नसेल."

माझ्या मनात आलं, पोरी, एवढं खोटं बोलली असतीस तर देवाने पदरात घेतलं असतं.

"मग?"

"अशा वेळी आंधळं बोलायचं असतं. कुणीतरी ऐकतंय असं धरून. तो म्हणाला, 'तुमचं ऐकू येत नाही, मी सांगत जातो.' आकडा म्हणायचा आणि थांबायचा. मला उत्तराला लागेल तेवढा वेळ. मग म्हणायचा 'बरोबर', आणि पुढचा आकडा. मी प्रत्येक वेळी आकडा परत म्हणत होते, सर. त्याच जागेत. त्याच्याबरोबरची सगळी माणसं सुटली. मग तो एकदा थांबला, मी म्हटलं, आणि 'बरोबर' आलंच नाही."

"ते थांबणं माझं आहे," रेव्हरंड म्हणाले. "लहानपणी घरात स्टुलावर उभा राहून माझी नक्कल करायचा, आणि सगळं घाईघाईने. मी म्हणायचो, लोकांना जागा ठेव रे. समोर कुणी नसलं तरी ठेव."

मी सिंककडे तोंड फिरवलं.

"उद्या थांब आमच्याकडे," ते तिला म्हणाले.

"मी कॅथलिक आहे, सर. आमच्यात प्रार्थनेच्या पुस्तकात छापलंय तेवढंच म्हणतात."

"बिचारे!" मी म्हटलं. ती रडता रडता हसली.

रविवारी रेव्हरंडनी कागद मिटून ठेवला. आवाज गंजलेला, पण सूर लागला. "डोंगरात माझा मुलगा होता," त्यांनी गायलं. "त्याने हाक मारली." आणि थांबले.

मी तोंड उघडलं, पण शब्दाऐवजी हुंदकाच बाहेर आला. बाकांवर सगळेच रडत होते. ऑर्गनवाल्याचेही हात थांबले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती जागा रिकामी राहिली.

शेवटच्या बाकावर कॅप्टन उभी राहिली.

"ऐकलं," ती म्हणाली. मग मोठ्याने, "ऐकलं!"

रेव्हरंडनी डोळे मिटले.

"बरोबर," ते म्हणाले, आणि पुढची ओळ उचलली.