केरूनानांची शेवटची भेट

सायखेड्याच्या घाटावर दहावा कुणाचाही असो, माईक माझ्या हातात असतो. कावळा पिंडाला शिवला की आमच्याकडे श्रद्धांजलीची भाषणं सुरू होतात. कावळा तेवढ्यात उडून जातो. लोकांना ती सोय नसते.

परवा केरूनानांचा दहावा होता. मळ्यात राहणारा माणूस, रुळांमधून चालत जाताना गाडीखाली गेला. स्वभावाने सरळ, पण घुमा. मी रामराम घातला तरी मान वर करायचे नाहीत. दोनतीनदा तसं झाल्यावर मी त्यांना शिष्ट ठरवलं आणि नाद सोडला.

भाषणांत मात्र नाना भलतेच बोलके निघाले. माजी सभापतींशी ते आदल्याच दिवशी फोनवर तासभर बोलले होते. पतसंस्थेच्या चेअरमनना त्यांनी पारावर बसून तालुक्याचं राजकारण समजावलं होतं. शेवटची भेट माझीच, यावरून दोघांत चढाओढच लागली. मीही दोघांना सारखाच वेळ दिला.

मागे चपलांपाशी पांढऱ्या शर्टातला एक अनोळखी माणूस बसला होता. मी हळूच जाऊन विचारलं, "आपण?"

"हिरामण. घोटीचा. रेल्वेत आहे."

मला तेवढं पुष्कळ झालं. "रेल्वेचे मोठे साहेब आपल्या दुःखात सहभागी झाले आहेत," असं जाहीर करून, तो नको नको म्हणत असताना मी माईक त्याच्या तोंडापुढे धरला. मदतीची घोषणा होणार म्हणून पुढारीही सावरून बसले.

तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मी साहेब नाय. ती गाडी मीच चालवत होतो."

माईक मागे घ्यावा असं मला वाटलं, पण तो पुढे बोलू लागला होता.

"लांबूनच दिसले मला. पाठमोरे. हॉर्न दाबला तो सोडलाच नाय. ब्रेक मारला, पण गाडी जागेवर थांबत नाय. त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाय." त्याने समोर बसलेल्या नानांच्या बायकोकडे, चतुराबाईंकडे पाहिलं. "मावशी, चौकशीत माझी चूक नाय निघाली. साहेब म्हणतात, योगा करा. पण जेवायला बसलो तरी ती पाठ दिसती. गाडी चालवताना हॉर्नवरचा हात काढवत नाय. एवढंच सांगा, ते का नाय सरकले? माझा हॉर्न कमी पडला का?"

चतुराबाई पदर सावरत उठल्या. "भाऊ, त्यांना ऐकूच येत नव्हतं. चार वर्षांपासून ठार बहिरे झालते. लोक हसतील म्हणून कुणाला सांगू द्यायचे नाय."

माजी सभापती आपला फोन न्याहाळू लागले. चेअरमनना गोदावरीच्या पलीकडे काहीतरी महत्त्वाचं दिसलं. मला माझे रामराम आठवले आणि माझीच लाज वाटली.

हिरामण मात्र चपलांमध्येच खाली बसला आणि हमसून हमसून रडला. चतुराबाई त्याच्यापाशी गेल्या. माईक बंद करायचं मला सुचलं नाही, म्हणून त्यांचं बोलणं सगळ्या घाटाने ऐकलं.

"नका रडू भाऊ. लोक एकदोनदा बोलायचे, मग शिष्ट म्हणून सोडून द्यायचे. तुमी तरी शेवटपर्यंत हाक मारीत राहिले."