मार्लिसचं ‘बरं चाललंय’

खजुराच्या वड्यांचा डबा मांडीवर घेऊन मार्लिस त्वेट विधिमंडळाच्या आरोग्य समितीच्या दालनात बसली, तेव्हा ती इतकी दमली होती की परत उठता येईल की नाही याचीच तिला शंका वाटत होती. अंधार असतानाच निघून तिने बर्फाळ रस्त्यावर गाडी हाकली होती. शेजारी चाकाच्या खुर्चीत तिचा मुलगा डेल. वय चौतीस. जन्मापासून हातपाय त्याचं ऐकत नव्हते आणि शब्दही एकेक करून, खणून काढल्यासारखे बाहेर यायचे. डोकं मात्र तल्लख होतं आणि जीभ आईपेक्षा तिखट.

या राज्यात विधिमंडळ वर्षाआड भरतं. दर अधिवेशनात मार्लिस यायची, वड्या वाटायची, अपंगांच्या घरी जाऊन त्यांची उठबस करणाऱ्या मदतनिसांचा पगार वाढवा असं दोन मिनिटांत सांगायची आणि आभार मानून परत जायची. पगार काही वाढत नव्हता. मदतनीस यायचे, डेलची सवय व्हायची आणि मग ते साखर कारखान्यात निघून जायचे. या खेपेला तर त्यांच्या भागात मदतनीस पुरवणाऱ्या संस्थेनेच हात टेकले होते. पगारवाढीचं विधेयक मंजूर झालं नाही तर उन्हाळ्याच्या आत गाशा गुंडाळू, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. मग डेलची रवानगी राज्याच्या दुसऱ्या टोकाला, अपंगांच्या सरकारी केंद्रात. या विचाराने मार्लिसची झोप उडाली होती.

आणखी एक गोष्ट होती, ती मात्र घरातच दडपलेली. जानेवारीत एकदा मदतनीस आली नाही. मार्लिसने डेलला एकटीने टबातून उचलायला घेतलं, पाठीने दगा दिला आणि दोघंही न्हाणीघराच्या फरशीवर आडवी झाली. शेजारीण येईपर्यंत तशीच पडून होती. ही बातमी आरोग्य खात्याच्या कानावर गेली, की मुलगा घरी सुरक्षित नाही असा शेरा पडणार आणि केंद्राचं दार आजच उघडणार. म्हणून मार्लिसने शेजारणीलाही गप्प बसवलं होतं. बोललं तरी मुलगा जाणार, न बोललं तरी जाणार, अशी सगळी पंचाईत.

तिचं नाव पुकारलं गेलं. साक्षीदाराच्या टेबलावर तीन दिवे असतात. हिरव्यावर बोलायचं, पिवळ्यावर आवरतं घ्यायचं, लालवर थांबायचं. मार्लिस आभारापर्यंत पोचली आणि लाल लागला. इतक्या वर्षांत तेवढं तिला बरोबर जमायला लागलं होतं.

अध्यक्ष ऑरव्हिल ब्रेक्के गव्हाचा शेतकरी. माणूस सज्जन, आणि कधी कधी सज्जन माणसंच जास्त महागात पडतात. सभासदाने प्रश्न विचारला तर उत्तराला दिव्याचं बंधन नाही, अशी इथली रीत. ब्रेक्केला बाईची कीव आली. तो म्हणाला, “मार्लिस, दिवा राहू द्या. तुमचं दोघांचं कसं चाललंय, तेवढं सांगा.”

एवढं दार उघडून दिल्यावर आणखी काय हवं? मार्लिस म्हणाली, “बरं चाललंय. तक्रार करण्यासारखं काही नाही. भागवतो आम्ही.”

तिने विचार करण्याआधीच शब्द निघून गेले होते. या मुलखात माणूस पाय मोडून खंदकात पडला असला, तरी वरून कुणी विचारलं की ‘बरंय’ म्हणतो आणि उलट त्याच्याच गुरांची चौकशी करतो. आपलं रडगाणं दुसऱ्याच्या गळ्यात घालणं म्हणजे निर्लज्जपणा, हे इथे दुधाबरोबर पाजलं जातं. मार्लिसही तेच पिऊन वाढली होती.

मग आरोग्य खात्याचे अधिकारी केंट राउश उठले. वरून हुकूम होता, म्हणून विरोध करायचा होता, आणि त्यांनाही त्यात फारसा रस दिसत नव्हता. ते म्हणाले, की पगारवाढ यंदा झेपणारी नाही, आणि त्वेट बाईंनी आत्ताच सांगितल्याप्रमाणे कुटुंबं आपापलं भागवत आहेत. चार-पाच माना हलल्या. मतदान जेवणानंतर होईल, असं सांगून ब्रेक्केने सुनावणी संपवली.

बाहेर सभासदांनी वड्या उचलल्या, वाखाणल्या. ते पांगल्यावर डेल म्हणाला, “वड्या... झकास. भाषण... भिकार.”

“गप्प बस.”

“खोटं... का बोललीस?”

“खोटं कसलं? कुणी विचारलं की तसंच म्हणतात.”

“मग मी... सांगतो.”

“राउश इथेच आहे, डेल. ऐकलं तर नेतील तुला.”

“नाहीतरी... नेणारच ना? मग निदान... गुपचूप नको.”

मार्लिसला राग आला. मुलाचा, त्या मऊ बोलणाऱ्या अध्यक्षाचा आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या जिभेचा. रागवायलाही अंगात त्राण नव्हतं, म्हणून ती नुसती बसून राहिली. तेवढ्यात ब्रेक्के दुसऱ्या वडीसाठी परत आला, आणि डेलने मान वर करून त्याला सांगितलं, “आई... खोटं बोलली.”

ब्रेक्केने मार्लिसकडे पाहिलं. तिने नजर वळवली. त्याने वडी परत डब्यात ठेवली आणि म्हणाला, की मतदानाआधी सुनावणी पुन्हा उघडणं अध्यक्षाच्या हातात असतं. “पण जे बोलाल ते नोंदीत जाईल, मार्लिस. मग पुसता येत नाही.”

जेवणानंतर मार्लिस पुन्हा त्या टेबलाशी बसली. जानेवारीतली न्हाणीघराची गोष्ट तिने सुरू केली आणि ती अर्ध्यावर असतानाच लाल दिवा लागला. ती सवयीने थांबली. ब्रेक्केने विचारलं, “पुढे काय झालं?” ती बोलली, परत अडली. “मग पुढे?” असं विचारत विचारत त्याने तिच्याकडून सगळं काढून घेतलं. फरशी किती गार होती, टॉवेल हाताला लागत नव्हता, आणि आता रोज उचलताना तिला किती भीती वाटते, हेसुद्धा. शेवटी ती म्हणाली, “माझ्याने होत नाही आता. बरं चाललंय म्हणाले, ते खोटं होतं.” आभार मानायचे राहूनच गेले.

समितीने विधेयकाची शिफारस केली. एका मताच्या फरकाने. पुढे दोन सभागृहं होती, पैशांची समिती होती, राज्यपाल होते. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत आणि मार्लिसलाही आनंद वगैरे झाला नाही. तिला फक्त घरी जाऊन पडायचं होतं.

वाहनतळावर गाडीतून उलगडणारा, खुर्ची चढवायचा लोखंडी उतार थंडीने जाम झाला होता. ती त्याला लाथा घालत असताना राउश टोपी न घालताच तिकडे आले.

“त्वेट बाई, मी आत सगळं ऐकलंय,” ते अवघडून म्हणाले. “ऐकल्यावर मला कळवावंच लागतं. घरी चौकशीला माणूस येईल.”

“माहीत आहे.”

“काय ठरेल, ते माझ्या हातात नाही.”

“तेही माहीत आहे.”

डेलने खुर्चीतून हाक मारली. “साहेब... हेही लिहा. पडलो तेव्हा... ही रडत होती. मी... हसत होतो. घरी... होतो ना.”

राउशनी मान डोलावली. निघायचं की थांबायचं ते त्यांना कळेना. वारा कान कापत होता. त्यांनी त्या जाम झालेल्या उताराकडे पाहिलं, डेलकडे पाहिलं आणि जाता जाता माणूस विचारतो तसं विचारलं, “गाडीत घ्यायला जमेल ना तुम्हाला?”

‘जमेल की’ हे शब्द मार्लिसच्या ओठांपर्यंत आले होते.

“नाही,” ती म्हणाली. “तुम्ही त्याला पायांकडून उचला.”