एकशे चाळिसावं नाव

खोक्यात सहा कात्र्या होत्या. पाहुण्यांनी आपापली एक उचलायची, एवढंच बागेची मुकादमीण असलेल्या अक्काने सांगितलं. बिल्डरने सगळ्यांत नवी, लाल मुठीची उचलली आणि हवेत दोनदा कचकच करून दाखवली. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी एकीचं पातं रुमालाने पुसून घेतलं. वकिलाचा हात मात्र आधी तळाशी पडलेल्या जुन्या कात्रीकडे गेला. तिच्या मुठीचा रंग उडालेला होता, टोक जरासं आत वळलेलं होतं. मग काय मनात आलं कोण जाणे, ती सोडून त्याने नवी घेतली. अक्काने ते पाहिलं, पण तेव्हा त्याचा काही अर्थ लावला नाही.

तिचं सगळं लक्ष टोप्यांकडे होतं. तिघांच्या टोप्या कोऱ्या करकरीत होत्या आणि बिल्डरच्या टोपीला किमतीची चिठ्ठी अजून लटकत होती. ती काढा, असं तिने सांगितलं नाही. दिवस मोठा होता आणि करमणूक थोडी.

या वायनरीची वाईन दुकानात मिळत नसे. ती फक्त यादीतल्या लोकांना मिळे, आणि यादीत नावं एकशे चाळीस. एकशे एकेचाळिसावं कधीच नाही. कुणी वारलं की जागा व्हायची, आणि जागा झाली की गिधाडांना कळावं तसं शहरातल्या बड्यांना ते कळायचं. मालकीणबाईंच्या सासऱ्यांनी नियम घालून दिला होता की ज्याला यादीत यायचंय त्याने तोडणीच्या दिवसांत एक दिवस बागेत राबावं. वेलीला हात लावल्याशिवाय बाटलीला हात नाही. हे वाक्य मालकीणबाई अशा सुरात ऐकवत की ऐकणाऱ्याला दीक्षा घेतल्यासारखं वाटे. अक्काला हसू येई. तिच्या हाताखालच्या चाळीस बायका वर्षभर याच वेलींना हात लावत होत्या. त्यांना बाटलीचं कधी कुणी विचारलं नव्हतं.

यंदा जागा एकच होती, आणि इथवर पोचायला तिघांनी कमी खटपटी केल्या नव्हत्या. बिल्डरने मालकीणबाईंच्या भावाच्या क्लबात नाव घातलं होतं आणि चार वर्षं त्याच्याशी पत्ते खेळून मुद्दाम हरला होता. डॉक्टरीणबाईंनी मालकीणबाईंच्या आत्तेसासूची कवळी तीनदा बदलून दिली होती. वकिलाने बागेच्या हद्दीचा दावा लढवून जिंकला होता आणि फीचं नाव काढलं की तो कानांवर हात ठेवी. अक्काला हे सगळं ठाऊक होतं, कारण मालकीणबाईंच्या घरातल्या भिंतींना नुसते कान नव्हते, तोंडंही होती.

पाहुण्यांना मात्र एक गोष्ट ठाऊक नव्हती. संध्याकाळी मालकीणबाई अक्काला विचारत, आणि अक्का सांगेल ते नाव यादीत जाई. चौदा वर्षांपूर्वी मालकीणबाईंनी स्वतःच्या मनाने एकाला घेतलं होतं. त्याने पहिल्याच वर्षीच्या बाटल्या तिप्पट भावाने विकल्या. अक्काने त्याला त्या दिवशी खिशात द्राक्षं कोंबताना पाहिलं होतं आणि तसं बोलूनही दाखवलं होतं. तेव्हापासून निवड तिच्याकडे आली.

तिची परीक्षा साधी होती. भरलेली पाटी डोक्यावर घेऊन ती दोन ओळींमधल्या अरुंद वाटेने यायची. कोण बाजूला होतो, एवढंच बघायची. बहुतेकांना पाटी दिसे, तिच्याखालचं माणूस दिसत नसे. जे बाजूला होत, त्यांना ती निवडायची. पण हिवाळ्यात बाटल्या न्यायला येत तेव्हा तेही तिला ओळखत नसत. ती टेबलामागे बसून वही पुढे करी, ते सही करत आणि तिच्या डोक्यावरून मागच्या पिंपांकडे बघत. गरज सरो, वैद्य मरो. तेव्हापासून बाजूला होणाऱ्यांबद्दलही तिच्या मनात फारशी माया उरली नव्हती. पळसाला पानं तीनच.

बिल्डरने घोसाबरोबर पानं तोडली, मग काडी तोडली, मग वेलाला बांधलेली तारच तोडली. कात्रीला धार नाही असं तो म्हणाला. डॉक्टरीणबाई प्रत्येक घोसाचा फोटो काढून मगच त्याला हात लावत होत्या. अक्का पाटी घेऊन वाटेने आली तेव्हा बिल्डर फोनवर बोलत वाटेच्या मधोमध उभा होता. तिला वेलीत शिरून पुढे जावं लागलं. डॉक्टरीणबाई मात्र चटकन बाजूला झाल्या, एक हात पाटीला लावला आणि म्हणाल्या, "सावकाश हं."

म्हणजे झालं काम, असं अक्काला वाटलं. आणि मग ती वकिलाच्या ओळीपाशी आली.

वकिलाची पाटी भरली होती. बाकीच्या दोघांच्या पाट्यांचा तळही झाकला नव्हता. तो खाली वाकला होता आणि त्याचा डावा हात न बघता घोसाखाली जात होता. दोन बोटं देठ शोधत, कात्री एकदाच मिटे. घोस तळहातावर आला की सडका मणी तो कात्रीच्या टोकाने उडवी आणि घोस पाटीत असा ठेवी की मणी मण्यावर चेपू नये. मग पातं मांडीवर पुसून पुढचा. हे काही सांगून येत नाही. लहानपणी पाठीत दोन धपाटे खाल्ल्याशिवाय हात असा वळत नाही.

अक्का पाटी डोक्यावर घेऊन तशीच उभी राहिली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच एका पाहुण्याचं तिला कौतुक वाटलं, आणि कौतुक करायची सवय नसल्यामुळे ती ते मोठ्याने करून बसली.

"साहेब, हा हात वेलीला आज पहिल्यांदा लागलेला नाही."

बिल्डरने फोन खाली घेतला. "काय वकीलसाहेब, काळ्या कोटाच्या आधीचा धंदा काय म्हणायचा?"

डॉक्टरीणबाई हसल्या. वकीलही हसला, पण त्याचे कान लाल झाले. पुढच्या घोसाला त्याने पानांसकट कापलं. त्याच्या पुढचा हातातून सोडला आणि वर स्वतःच बूट ठेवला. अक्का बघत राहिली. नाचता येईना त्याला अंगण वाकडं असतं, पण नाचता येणारा मुद्दाम अडखळताना तिने पाहिला नव्हता. थोड्या वेळाने तो ओरडला. कात्री डाव्या अंगठ्यात गेली होती.

तिने त्याला नळाशी नेलं, रक्त धुतलं, पट्टी काढली. जखम नेमकी होती, फार खोल नाही, कामाला अडेल इतपत. लागलेली नव्हती, लावून घेतलेली होती.

"कोण होतं बागेत?" तिने हळूच विचारलं. "आई, का वडील?"

"तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. मी व्हिडिओ बघून आलोय."

"माझी आईही तोडणीलाच होती. त्यात लाजायचं काय?"

वकिलाने मागे वळून पाहिलं. बाकीचे दोघे लांब होते. मग तो तिच्याकडे न बघता, अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "घट्ट बांधा, आणि इथून पुढे माझ्याशी बोलू नका."

तिने घट्ट बांधलं.

दुपारी झाडांखाली लांब टेबल मांडलं. मालकीणबाई एका टोकाला बसल्या, पाहुणे दोन्ही बाजूंना. अक्का पाण्याचा जग घेऊन उभी होती. हे तिचं काम नव्हतं, पण जेवताना माणसं सैल सुटतात आणि तिला ते बघायचं असे. बिल्डरने सकाळचा विषय पुन्हा काढला. मुकादमीणबाईंनी वकीलसाहेबांना सर्टिफिकेट दिलंय, आता यांना बागेतच ठेवून घ्या, असं तो मालकीणबाईंना म्हणाला. मालकीणबाईंनी कौतुकाने वकिलाकडे पाहिलं. त्या पुढे काही विचारणार, एवढ्यात वकिलाने हातातला चमचा खाली ठेवला आणि बोलायला सुरुवात केली.

तो छान बोलत होता. कोर्टात बोलत असेल तसं, अंग चोरून बसलेल्यालाही हसू फुटावं असं. मजुरांची ही एक जुनी रीत आहे, तो म्हणाला. कुणीही टोपीवाला बांधावर दिसला की आधी त्याची स्तुती करायची, म्हणजे जाताना हातावर काहीतरी पडतं. त्याच्या एका अशिलाच्या बागेत तर म्हणे एका बाईने अशिलाच्या कुत्र्याच्याही चालीची तारीफ केली होती. टेबल हसलं. बिल्डरला ठसका लागला. मालकीणबाईही हसल्या, मग अक्काकडे नजर जाताच त्यांनी रुमाल तोंडाला लावला.

वकिलाने मान वळवली नाही. पट्टी बांधलेला हात फक्त वर केला आणि दोन बोटं वाजवली.

"अहो, पाणी."

अक्काने पेला काठोकाठ भरला. एक थेंब सांडला नाही. इतरांबद्दल तिला जे वाटे ते थंड असे, ताटात उरलेल्या भातासारखं. आज छातीत काहीतरी पेटलं होतं आणि तिला त्याचंच नवल वाटत होतं. बिल्डरला काय माहीत होतं? त्याला पाटीखालचं माणूस दिसलंच नाही. याला दिसलं होतं. चांगलं ओळखून त्याने ते पायाखाली घेतलं, सकाळच्या त्या घोसासारखं.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मालकीणबाई पिंपांच्या खोलीत आल्या. त्यांच्या हातात यादीची वही होती, पेनाचं टोपण आधीच काढलेलं.

"मला वाटतं डॉक्टरीणबाई," त्या म्हणाल्या. "जाताना सगळ्यांचे आभार मानून गेल्या. तुमचंही नाव घेतलं त्यांनी. तुमचं काय म्हणणं?"

अक्का पाट्या एकात एक घालत होती. डॉक्टरीणबाईंचा पाटीला लागलेला हात तिला आठवला. ती जागा त्यांचीच होती, यात तिला शंका नव्हती.

"वकील," ती म्हणाली.

"वकील? अहो, जेवताना तो तुमच्याबद्दल काय काय..."

"ऐकलं मी. तिथेच उभी होते."

"मग?"

"द्राक्षं त्याला कळतात, बाईसाहेब. बाकीच्यांना फक्त बाटली कळते."

खोटं त्यात काहीच नव्हतं. मालकीणबाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग खांदे उडवले आणि नाव लिहिलं. अक्का त्या दिवशी घरी जाताना वाटेत दोनदा स्वतःशीच हसली. एकशे चाळिसांतल्या एकाला तरी यापुढे दर हिवाळ्यात तिच्या टेबलासमोर उभं राहावं लागणार होतं. वही तिच्या हातात असणार होती, आणि वर बघितल्याशिवाय त्याला ती मिळणार नव्हती. त्या एका सहीसाठी तिने एका भल्या बाईचा हक्क मारला होता. ते तिला कळत होतं, पण झोप काही उडाली नाही.

हिवाळा आला. बाटल्या न्यायच्या दिवशी तिने नवं स्वेटर घातलं आणि चष्मा पुसून ठेवला. दुपारपर्यंत माणसं येत राहिली, सह्या करत राहिली, पिंपांकडे बघत राहिली. वकिलाच्या नावासमोर सही करायला एक पन्नाशीचा ड्रायव्हर आला. हातात साहेबांचं पत्र होतं, शिक्का, सही, सगळं रीतसर. कामाच्या गडबडीत येता आलं नाही, क्षमस्व. तिने सहा बाटल्या मोजून दिल्या.

दुसऱ्या वर्षीही ड्रायव्हरच आला. पत्र तेच, फक्त तारीख बदललेली.

तिसऱ्या वर्षी थंडी जास्त होती. अक्काचे गुडघे आता कुरकुरत होते आणि ओळींमधून फिरायचं काम तिने बरंचसं दुसरीवर सोपवलं होतं. ड्रायव्हरने सही केली, खोकं उचललं, दोन पावलं गेला आणि परत आला. टेबलामागच्या चष्मेवाल्या म्हाताऱ्या बाईला तो ऑफिसातली कारकून समजत होता.

"बाई, एक विचारायचं राहिलं. इथे एक मुकादमीण होती म्हणे. ती अजून आहे का?"

"कुणाला हवंय?"

"साहेबांना. दर वर्षी न विसरता विचारून ये म्हणतात, आणि मीच आपला विसरतो. ती नसली तर पुढच्या वर्षी ते स्वतः येणार आहेत. त्यांना बाग बघायचीय एकदा. आईला घेऊन येणार म्हणत होते."

अक्काने चष्मा काढला. वहीवरचं बोट तसंच त्याच्या नावावर होतं, आणि नावासमोर तीन सह्या होत्या, तिन्ही ड्रायव्हरच्या. मागे रांग चुळबुळत होती. कुणीतरी घड्याळ बघितलं, कुणीतरी घसा खाकरला. ड्रायव्हर खोकं छातीशी धरून वाट बघत होता.

"सांगा त्यांना," ती म्हणाली, "गेली म्हणावं ती."

आणि तिने वही पुढच्या माणसाकडे सरकवली.