खात्रीचं कार्ड

आमच्या ह्यांना सगळा रस्ता 'रेडिओ' म्हणायचा. शिवणकामाचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. मशीन सुरू झालं की ह्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू, आणि मशीन थांबलं तरी पट्टा थांबेल याचा भरवसा नाही. लोक पँट आखूड करून घ्यायला यायचे आणि तासभर बसून जायचे. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "अहो, मध्ये श्वास तरी घ्या!" त्यावरही ह्यांच्याकडे सांगायला एखादा किस्सा असायचाच.

घसा बसला तो बसलाच. गुळण्या झाल्या, काढे झाले, शेवटी मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही." दवाखान्यापासून घरापर्यंत हा माणूस गप्प चालत राहिला. तेव्हा मला भर रस्त्यात रडू फुटलं.

आमची एकुलती एक लेक दूरच्या गावी, पोटुशी होती. ऑपरेशन बाळाच्या आधी होणार होतं आणि पुढे ढकलणं शक्य नव्हतं. ह्यांनी एकच ध्यास घेतला. लेकीला लहानपणी मशीनशेजारी बसवून ज्या गोष्टी सांगितल्या, त्या सगळ्या नातवंडाला ह्यांच्याच आवाजात ऐकायला मिळाल्या पाहिजेत. पळपुट्या बटणाची गोष्ट, आळशी सुईची गोष्ट, दोन बाह्या भांडल्या ती गोष्ट. सगळ्या ह्यांच्या डोक्यातून निघालेल्या, कुठल्या पुस्तकात सापडायच्या नाहीत. आमचे फोन साधे, बटणांचे. लेकीच्या लग्नाचा व्हिडिओ आहे, पण त्यात ह्यांचं नुसतं तोंड हलताना दिसतं, ऐकू येतं ते गाणं.

लेकीने तिचा जुना डिजिटल कॅमेरा पाठवला. त्यात मेमरी कार्ड नव्हतं. "आई, कार्ड तेवढं बघून घे हं," ती फोनवर म्हणाली. "कॅमेरा बिघडला तर दुरुस्त होतो. कार्ड गेलं की सगळं गेलं."

बघून घेण्याच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. शिंप्याची बायको आहे मी. कापड घेताना कोपरा ओला करून रंग जातो का बघते, एक धागा ओढून बघते, मग पिशवी उघडते. कॅमेऱ्याच्या दुकानात गेले तर दुकानदाराने काचेवर नखाएवढी कार्डं मांडली. आता यातून काय ओढून बघणार?

"यातलं खात्रीचं कुठलं?"

"काकू, माझं ऐका, ही लहान दोन घ्या," तो म्हणाला. "नावाजलेल्या कंपनीची आहेत. एकावर काढा, दुसऱ्यावर उतरवून ठेवा. एक दगा देईल, दोन्ही नाही देणार."

मी मनात म्हटलं, आला लबाड. एकाच्या जागी दोन गळ्यात मारतोय. शेजारी एक मोठं कार्ड होतं, दोन्ही लहानांच्या कितीतरी पट जागा असलेलं. चकचकीत पाकीट, त्यावर गोल सोनेरी शिक्का. पाकीट उजेडात धरून पाहिलं. छपाई स्वच्छ, कुठे फाटलेलं नाही, पुन्हा चिकटवल्याची खूण नाही.

"हे कसं आहे?"

"चालतं. वरून येतं तसं विकतो. कंपनीचं मला फारसं माहीत नाही."

मी घरी फोन लावला. ह्यांचा घोगरा आवाज आला, "मोठंच घे. सगळं एकाच ताग्यातून निघालं पाहिजे. दोन ताग्यांचा रंग कधी जुळत नाही." हा ह्यांचा आयुष्यभराचा नियम. गिऱ्हाईक कापड कमी घेऊन आलं आणि उरलेलं दुसरीकडून आणतो म्हणालं, तर हे काम परत करत. मोठं कार्ड घेऊन मी घरी आले आणि वाटेत दुकानदाराच्या नावाने हसतही होते.

घरी आल्यावर ते डोळ्यांत तेल घालून तपासलं. बटणांच्या ट्रेचे फोटो काढले, दोऱ्याच्या रिळांचे काढले, पडद्याचे, नळाचे, खिडकीतल्या मांजराचे, समोरच्या गल्लीचे. संध्याकाळपर्यंत काढतच होते. एकूण एक फोटो उघडून पाहिला, एकही बिघडलेला नाही. मग ह्यांना मशीनवर बसवून छोटासा व्हिडिओ घेतला. तोही लख्ख.

"आता हे फोटो पुसून टाकते," मी म्हटलं.

"अगं, राहू दे. कातरण फेकायचं नाही. जागा भरपूर आहे ना? बटणाच्या गोष्टीला बटणांचे फोटो उपयोगी पडतील."

आमच्या घरात कातरण कधीच फेकलं जात नाही. पलंगाखाली गाठोडी आहेत. मी फोटो तसेच ठेवले.

मग रोज दुपारी दुकानाचं दार लोटून हे बसायचे. आवाज फाटलेला, मध्येच खोकला, पाण्याचा घोट, पुन्हा सुरुवात. आळशी सुई घोरते तो आवाज काढताना ह्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, ते दुखण्याचं की हसण्याचं, मी विचारलं नाही. मी कॅमेरा धरून उभी राहायचे. लाल दिवा लागायचा, स्क्रीनवरचे सेकंद पुढे सरकायचे.

"जरा लावून बघू या का?" मी विचारलं होतं.

"अर्धवट शिवलेलं गिऱ्हाईकाला दाखवतो का आपण? आणि माझा हा फाटका आवाज मलाच ऐकवू नकोस, बाई. उद्या बोलायची हिंमत होणार नाही."

शेवटची गोष्ट ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संपली. शेवटी हे कॅमेऱ्यात बघून म्हणाले, "तर पिल्लू, असा आहे तुझा आजोबा." मी कार्ड काढून सुयांच्या डबीत कापसात ठेवलं.

ऑपरेशन झालं. जीव वाचला. गळ्याला भोक, त्यातून श्वासाची घरघर. हे आता अस्तराच्या काळ्या तुकड्यावर खडूने लिहून बोलतात. गिऱ्हाइकं येतात, कपडे टाकतात आणि लगेच जातात.

पुढे लेकीला मुलगी झाली. पोर मान धरू लागल्यावर लेक तिला घेऊन आली. आल्या आल्या कार्ड लॅपटॉपमध्ये घातलं. हे नातीला मांडीवर घेऊन समोर बसले, दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून.

फोटो उघडले. बटणं, रिळं, पडदा, नळ, मांजर. सगळे लख्ख. तपासणीचा व्हिडिओ उघडला. त्यापुढे एकही उघडेना. नावं होती, तारखा होत्या, आत काही नव्हतं. लेक पुन्हा पुन्हा बोट दाबत राहिली.

कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. त्याने त्याच्या कॉम्प्युटरवर बराच वेळ खटपट केली आणि हात टेकले. "बनावट कार्ड आहे. वर लिहिलेली जागा खोटी, खरी जागा थोडीशीच. ती या फोटोंनीच भरली. त्यापुढचं कार्डाने घेतल्यासारखं दाखवलं, घेतलं काहीच नाही."

"आणि फोटो पुसले असते तर?" मी विचारलं.

तो माझ्याकडे बघेना. "निदान पहिल्या एक-दोन गोष्टी राहिल्या असत्या."

घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी खडू घेतला, 'जाऊ दे' असं लिहिलं आणि तळहाताने पुसलं. मला ते सहन झालं नाही. "अहो, ओरडा ना माझ्यावर!" मी किंचाळले. "दुकानदाराला शिव्या द्या, काहीतरी करा!" ह्यांनी तोंड उघडलं. गळ्यातून नुसता वारा आला. माझा संताप जागच्या जागी विझला आणि त्याच्या जागी जे आलं ते अजून गेलेलं नाही.

लेक आता तो एकच व्हिडिओ रोज लावते. दुसरं आहे काय लावायला? त्यात हे मशीनवर बसलेले, गळ्यात टेप. माझा आवाज येतो, "बोला ना काहीतरी." हे हसतात. "काय बोलू? आधी कार्ड नीट आहे का ते बघ. फुकट कशाला तोंड वाजवू? एकदा तुझी खात्री होऊ दे, मग सांगतो सगळं."

नातीला तो आवाज आवडतो. ऐकला की पाय झाडते. आज दुपारी हे तिला मांडीवर घेऊन बसले होते. व्हिडिओ लागला आणि ह्यांचे ओठ त्या आवाजाबरोबर हलू लागले, शब्दाला शब्द. पोरीने स्क्रीनकडे पाहिलं, मग मान वळवून ह्यांच्या तोंडाकडे. जणू तिला उमगलं, आवाज ह्यांचाच आहे. "मग सांगतो सगळं," म्हणून व्हिडिओ संपला. ती पाय झाडायची थांबली आणि ह्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली, आता हे सांगतील म्हणून.