अर्ध्या तासाची थुंकी

मंजुश्रीला काहीही झालेलं नाही, असं लातूरच्या संशोधनात सिद्ध झालं. बरं, ते सोडा. समजा, अजून काहीच सिद्ध झालेलं नाही, थुंकी गोळा करायची नळी कोरडी आहे आणि मंजुश्री चाकूरच्या घरात अंथरुणावर आहे.

दोन वर्षं ती रात्रभर दगड फोडल्यासारखी उठायची. वेणी घालायला हात वर नेला की हातच विचारायचा, आता पुढं काय? रक्त ठीक, साखर ठीक, थायरॉइड ठीक. नवरा उमाशंकर म्हणायचा टेन्शन घेऊ नको, आणि जेवायला बसायचा. सासू पार्वतम्मा एकच शब्द वापरायच्या : आळस. बरं होण्याची आशा मंजुश्रीनं केव्हाच सोडली होती. तिला फक्त आळसाच्या जागी दुसरा शब्द हवा होता, शक्यतो इंग्रजी, म्हणजे घरात कुणाला खोडता आला नसता.

तसा शब्द लातूरला थकव्यावर संशोधन करणाऱ्या डॉक्टर तनुजांकडे होता. कॉर्टिसॉल. माणूस जागा झाला की अर्ध्या तासात हे संप्रेरक उसळी घेतं. कायमच्या थकलेल्यांत ते उसळतच नसावं, असा त्यांचा कयास. त्यांनी नळी दिली आणि नियम सांगितला : जाग आल्यावर अर्धा तास नुसतं पडून राहायचं, मग नळीत थुंकायचं.

थुंकल्यावर उष्टी नळी फ्रिजमध्ये, नैवेद्याच्या दह्याशेजारी ठेवायची, हेही पार्वतम्मांनी पोटात घातलं. पण अर्धा तास? त्या घरात जाग येणं आणि कामाला लागणं यांच्यामध्ये आजवर सुई शिरली नव्हती.

त्या सकाळी मंजुश्री छताकडं बघत पडली होती. पार्वतम्मा लिंगपूजा आटोपून आल्या आणि त्यांनी उशाची नळी उचलली.

"तू ऊठ, भाकरी टाक. थुकायचंच हाय ना? म्या थुकते."

"अत्या, ते माझं पाहिजे."

"तुझं-माझं कधी केलंय का या घरात?"

याला उत्तर द्यायला जोर लागतो. तो असता तर नळी कशाला आणली असती? मंजुश्री उठली.

अहवाल आला. इतकी दणदणीत उसळी डॉक्टर तनुजांनी कुणातच पाहिली नव्हती. पार्वतम्मांनी गल्लीभर सांगितलं की सुनेला काही न्हाई, लातूरला सिद्ध झालंय. आणि आपली थुकी लई चांगली निघाली, हेही सांगितलं. दोन्हींचा मेळ कुणी घातला नाही.

मंजुश्रीनं फोनवर खरं काय ते सांगितलं.  डॉक्टर म्हणाल्या, एक नळी उरलीय, नियम तोच.

मंजुश्रीनं अर्ज केला. मनातल्या मनात, लिहायला हात उचलत नव्हता.

प्रति, सौ. पार्वतम्मा, स्वयंपाकघर, चाकूर. मार्फत, श्री. उमाशंकर (जेवत असल्यास नंतर). विषय : अर्धा तास मिळणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयी विनंती की, अर्जदारास जाग आल्यापासून अर्धा तास जिवंत परंतु निरुपयोगी राहण्याची परवानगी देण्यात यावी.