मोठी चाकं, मापाची चाकं

मित्रांनो, मी मेढ्याच्या वरच्या अंगाला धावणारी एक जुनी जीप आहे. सैन्याच्या लिलावातून निवृत्त सुभेदार मानसिंग यांनी मला घरी आणलं. आता त्यांची लेक संयोगिता मला चालवते. डोंगरावरच्या वस्तीतल्या सात मुलींना रोज खाली शाळेत पोचवायचं, हे आमचं काम.

वाट नुसती दगडांची. पोट घासायचं म्हणून कराडच्या गॅरेजात मला चार बोटं उंच केलं. पोट वर गेलं, पण मागच्या दोन चाकांमधला लोखंडी गोळा होता तिथंच राहिला. तो चाकांच्या दांड्यावर असतो, मित्रांनो. चाक मोठं झालं तरच तो वर जातो. पहिल्याच खेपेला तो दगडावर आपटला आणि मी अडकले.

सातवीतल्या स्वप्नालीचे आजोबा कोंडीबा म्हणाले, "पावसाळ्यात गाडी अशीच अडली, तर आमची पोर घरीच बसंल."

स्वप्नालीनं माझं दार घट्ट धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा कराड. सुभेदारांचं बालपण उसाचे ट्रॅक्टर बघण्यात गेलेलं. चाक मोठं तेवढं चांगलं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं. सगळ्यात दांडग्या टायरांवर हात ठेवून ते म्हणाले, "हीच घाल. लय रुबाब दिसंल!"

"आबा, बसतील का पण?" संयोगितानं विचारलं.

"न बसायला काय झालं?"

सपाट फरशीवर, चाकं सरळ ठेवून बघितलं. बसली. नारळ फुटला, मला हार पडला. मीही फुगले, खोटं कशाला बोलू?

वस्तीच्या पहिल्याच वळणावर संयोगितानं स्टिअरिंग पुरतं फिरवलं, पुढचं एक चाक दगडावर चढलं आणि टायर वरच्या पत्र्यात रुतलं. मुली उतरून चिखलातून चालत गेल्या.

"झालं?" कोंडीबा म्हणाले. "उद्यापास्नं पोर घरी."

"नाना, दोन दिस द्या," संयोगिता म्हणाली. "तिसऱ्या सकाळी आले न्हाई, तर मग बोला."

सुभेदारांना अजून टायरांचा मोह सुटेना. "पत्रा कापू की!"

"पत्रा कापाल, आबा. पण एवढी जड चाकं उतारावर ब्रेकला आवरतील का? मागं सात पोरी बसत्यात."

सुभेदारांनी माझ्या मागच्या बाकांकडं बघितलं आणि मान हलवली.

या वेळी कराडच्या गॅरेजात तिनं मधल्या मापाची, जरा अरुंद चाकं बसवायला लावली. पुढच्या एका चाकाखाली ओंडका घातला, स्टिअरिंग दोन्हीकडं शेवटपर्यंत फिरवलं आणि टायर नि पत्र्याच्या मध्ये स्वतःची बोटं घालून बघितली. मग दुसऱ्या बाजूला तसंच.

गॅरेजवाला हसला. "ताई, टायर घेताय का नवरा पारखताय?"

"नवरा एवढा पारखला न्हवता!"

तिसऱ्या सकाळी चिखल, धुकं, तेच वळण. तिनं मला खालच्या गिअरवर घेतलं. चाक दगडावर चढलं, पण कुठं घासलं नाही. गोळा दगडावरून बोटभर अंतरानं सुटला आणि मी वर आले.

कोंडीबांनी वाकून माझ्या पोटाखाली बराच वेळ बघितलं. मग नातीचं दप्तर स्वतः उचलून पुढच्या सीटवर ठेवलं.

"हिला फुडं बसव," ते म्हणाले. "मागं लय आदळतंय."

मित्रांनो, चाक निवडताना रुबाब बघू नका. वाट बघा, उतार बघा, पाठीमागं कोण बसणार ते बघा. हवा वेळच्या वेळी तपासा, खाचांतले खडे काढा. एवढं करा, वाट कितीही वाईट असो, आम्ही कुणाची शाळा चुकू देणार नाही.