मुरमाची पट्टी

उकंडाच्या एकुलत्या एका लेकीचं, सत्यशीलेचं लग्न भटाशिवाय, नुसतं पंचशील म्हणत लागलं, ते साल १९६१. आई तिच्या लहानपणीच गेलेली. लेक सासरी गेली आणि घरात उकंडाला बोलायला कोणी उरलं नाही. त्याच उन्हाळ्यात ढाणकीच्या बाजाराला जाणाऱ्या सडकेवर डांबर पडलं.

उकंडा सडकेवरच्या मजुरांच्या टोळीत होता. ओव्हरसियर किसनरावांनी नकाशा मांडीवर पसरून त्याला समजावलं, "गाड्या मधून. पायी माणसं आणि सायकली कडेच्या पट्टीवरून. मध्ये चुना लावलेले दगड." उकंडाला ते मनापासून पटलं. चार हात रुंद मुरूम त्यानं असा दाबला, की अनवाणी पायाला खडा लागू नये.

पहिल्या बाजाराला तो पट्टीवर उभा राहिला. वस्तीतली माणसं आली. पुढे त्याचा थोरला भाऊ बाबाराव. सगळे डांबराच्या मधोमध.

"दादा, इकडून चाल. थे गाड्याइसाठी हाये."

बाबाराव थांबला. "आपला बाप कोन्या अंगानं चालत होता, रे?"

"कडेनं."

"गाववाल्याइवर सावली पडू नये म्हनून! धम्म घेतला, आता कुठं मधून चालून राह्यलो. अन् तू आमच्यासाठी पुन्हा कडच बांधून ठेवली? वरून चुना लावून?"

माणसं हसली.

"ट्रकले धम्म समजत नाही, दादा."

"मंग तू समजाव त्याले. सरकारचा मानूस ना तू!"

उकंडाला वाटलं, गाववाले आधी या पट्टीवरून चालले, तर आपल्या माणसांना तिची लाज वाटणार नाही. तो गोविंदा पाटलाकडे गेला. पाटील नवी सायकल पुसत होता.

"तुह्या मांगं मांगं मी कडेनं जाऊ काय? सडक आमच्या वावरातून गेली, लेका."

तोही मधूनच गेला. पाटलानं पिढ्यांचा मान सोडला नाही, वस्तीनं पाच वर्षांचा. पट्टीवर उकंडा एकटा.

वस्तीनं त्याला वाळीत टाकलं नाही, फक्त बोलणं सोडलं. पौर्णिमेला वंदनेला बसला, की शेजारची जागा रिकामी राहायची. बाजाराच्या वाटेवर ती सगळी हसतबोलत डांबरावरून जायची आणि हा दगडांपलीकडून, त्यांच्या बरोबरीनं. चंची सोडून एकटाच पान खायचा. कधी मुद्दाम पाय ओढत मागं राहायचा, कोणी हाक मारेल म्हणून. कोणी मारली नाही. असं दीड वर्ष गेलं.

एका बाजाराच्या दिवशी मागून कापसाचा ट्रक आला. बायामाणसं पांगली. हॉर्न ऐकून बाबारावनं पट्टीकडे पाऊल उचललंच होतं. तेवढ्यात उकंडाच्या तोंडून निघून गेलं, "दादा, इकडं ये!"

बाबारावनं आवाज ओळखला आणि पाऊल मागं घेतलं.

उकंडा दगड ओलांडून धावला. भावाचा हात हातात आला, तेव्हा भाऊ डांबरावर पडलेला होता.

बाबाराव ११ जानेवारी १९६३ रोजी, दवाखान्यात नेताना बैलगाडीत वारला.